इंदूर ते ग्वाल्हेर: सरळ रेषेतले ४६७ किलोमीटर

(दृश्य: बिजासन टेकरी, खाली धावपट्टी)

इंदूरच्या पश्चिमेला बिजासन टेकरी. वर देवीचं देऊळ, शेजारी विमानतळ. होळकर सरकारनं १९३५ साली टाटांच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेऊन ही जागा पक्की केली. जुलै १९४८मध्ये इथून नियमित विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली-मुंबईच्या जोडीला ग्वाल्हेरही होतं.

त्याचं नवल नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मध्य भारत राज्य स्थापन झालं होतं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. सरकारचं बिऱ्हाडच दोन गावांत!

(दृश्य: नकाशा, दोन ठिपक्यांमधली रेषा)

या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण ४६७ किलोमीटर. रेषा ईशान्येकडे जाते: देवासच्या बाजूनं, शाजापूरवरून, गुण्याला उजवीकडे ठेवून, थेट शिवपुरीवरून. खाली जवळपास तोच आग्रा-मुंबई रस्ता. म्हणूनच रस्त्यानंही अंतर पाचशेच्या आसपासच भरतं. विमानानं वाट फारशी वाचत नाही, वाचतो तो वेळ.

आणि एक गंमत. इंदूरच्या राजवाड्यापासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या महाराज बाडा चौकापर्यंत रेषा ओढली, तर ती विमानतळांच्या रेषेपेक्षा थोडी आखूडच निघते. इंदूरचा विमानतळ गावाच्या पश्चिमेला, ग्वाल्हेरचा महाराजपुऱ्याला, गावाच्या ईशान्येला. म्हणजे ग्वाल्हेरला निघालेला इंदूरकर आधी उलट्या दिशेनं जातो आणि शेवटी ग्वाल्हेर ओलांडून मग मागं वळतो.

(दृश्य: धावपट्टीवर एटीआर विमान)

आता वेळेचं बघू. पंख्यांचं एटीआर विमान वर गेल्यावर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या हिशेबानं छप्पन्न मिनिटं पुरे. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास धरतात. कारण ती वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून, पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, पाळीची वाट पाहणं, चढणं, उतरणं, सगळं त्यात आलं. इंदूरची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम. वारा पश्चिमेचा असला की विमान पश्चिमेला झेपावतं आणि मग वळून ग्वाल्हेरची दिशा धरतं. तिकडे महाराजपुऱ्याची धावपट्टी हवाई दलाची, मिराज लढाऊ विमानांच्या तळाची. नागरी विमानांना त्यांच्या उड्डाणांशी जुळवून घ्यावं लागतं.

मोठं जेट एवढं अंतर कागदावर पस्तीस मिनिटांत कापेल. पण ते पूर्ण वेगात येतं न येतं तोच उतरायची वेळ होते. इतक्या जवळच्या गावांना एटीआरच बरं, असं आमचं मत.

(दृश्य: ग्वाल्हेरची नवी टर्मिनल इमारत)

मार्च २०२४मध्ये ग्वाल्हेरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. नाव राजमाता विजयाराजे शिंद्यांचं. इंदूरच्या विमानतळाला अहिल्यादेवींचं. शिंदे-होळकर इथंही समोरासमोर.

इंदूरच्या रामबागेतली आजी मात्र विमान किती वाजताचं ते विचारत नाही. तिचा प्रश्न, ‘‘लष्करला जेवायला पोचशील ना रे?’’ घरून विमानतळ, तपासणी, ताटकळणं, सव्वा तासाचं उड्डाण, मग शहरात परत येणं, असं सगळं धरून चार तास सांगावेत. सकाळी आठला निघालात, तर पान बाराला वाढायला सांगा.