पाच दिवसांची पिशवी

सकाळचे पावणेसात, नाशिकरोड स्टेशन. पंचवटी एक्सप्रेस यायचीये अजून. पासवाल्यांच्या गर्दीत जरा नीट बघा, काखेत जाडजूड फाईल, हातात डब्याची पिशवी आणि शेजारी मास्क लावलेलं, टोपी घातलेलं एखादं पोरगं. ही मंडळी ऑफिसला नाही निघालेली, दादरला उतरून परळला जाणार, टाटा कॅन्सर हॉस्पिटलला. मुक्काम पडलाच तर दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा आहे.

हा फोटो त्याच टाटामधले कॅन्सरचे डॉक्टर, डॉ. सुरेश अडवाणींचा. जन्म १९४७, कराची. आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि पुढचं सगळं आयुष्य व्हीलचेअरवर. मेडिकलला ॲडमिशन द्यायलाच आधी नकार मिळाला होता, पाठपुरावा करून करून ती मिळवली, आणि मग निवडलं काय तर ब्लड कॅन्सर, ज्याचं नाव काढलं की घरचे रडायलाच लागायचे. शिकायला अमेरिकेत सिॲटलला गेले, डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे, ज्यांना पुढे १९९० मध्ये बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा मगज बदलण्यासाठी, नोबेल मिळालं. आणि १९८३ साली टाटामध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीवर देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट अडवाणींनी केलं. मॅरो दिला तिच्या भावाने. सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते, तिचा जुळला.

हे ऑपरेशन म्हणजे चिरफाड असेल असं वाटतं ना? तसं काही नाही. देणाऱ्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मॅरो काढतात आणि पेशंटला तो रक्तासारखाच शिरेतून चढवतात, पेशी आपापल्या हाडात जाऊन बसतात. अवघड असतात ते आधीचे आणि नंतरचे दिवस, कारण पेशंटचा स्वतःचा मॅरो आधी औषधांनी पार संपवलेला असतो आणि नवा रुजायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या तळाला, हिरडीतूनसुद्धा रक्त थांबत नाही. तेव्हा लागतात प्लेटलेट्स, रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी.

संशोधन तर त्याच काळात चालूच होतं. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरसाठी एमसीपी ८४१ नावाची औषधांची पद्धत टाटा, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटने मिळून वापरली, आधी शंभरात वीस मुलंही वाचत नव्हती, नंतर चाळीस ते साठ वाचायला लागली. अडवाणींना २००२ ला पद्मश्री, २०१२ ला पद्मभूषण.

आता आपल्या नाशिकमधली ही रक्तपेढी. हा आवाज ऐका, खट्‌-खट्‌, खट्‌-खट्‌. कपाटासारखं दिसतंय ना, त्यातले ट्रे रात्रंदिवस हलत असतात, कारण प्लेटलेट्स स्थिर ठेवल्या की खराब होतात. त्या फ्रीजमध्येही चालत नाहीत, २० ते २४ डिग्रीच लागतात. इथल्या ताईंनी प्लेटलेट्सची एक पिशवी ट्यूबलाइटसमोर धरली, हळूच कलवली, आत रेशमासारखी लाट फिरतेय बघा, पिवळसर. लाट दिसली म्हणजे माल चांगला.

आणि हे दादा, प्लेटलेट्स द्यायला आलेत. एका हाताला सुई, दुसऱ्या हातात मोबाईल. रक्त मशीनमध्ये जातं, फिरतं, प्लेटलेट्स तेवढ्या वेगळ्या होऊन वरच्या पिशवीत आणि बाकीचं रक्त परत त्यांच्याच अंगात. तास-दीड तास लागतो. मध्येच ओठांना मुंग्या आल्या तर कॅल्शियमची गोळी देतात, बस्स. एवढ्या एका पिशवीचं काम एरवी साध्या रक्तदानातल्या पाच-सहा जणांच्या प्लेटलेट्स एकत्र केल्या तर होतं, म्हणून ट्रान्सप्लांटवाल्यांचा फोन आला की याच दात्यांना शोधतात, आणि असे दाते आपल्याकडे अजून खूप कमी पडतात हो.

दादा उठले. चहा, बिस्किटं. ताई पिशवीला लेबल लावतायत, त्यावर आजची तारीख, रक्तगट आणि खाली एक्सपायरी. आजपासून पाच दिवस.