दहा मिनिटांची मुदत

(विज्ञानकथाप्रेमी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आयुष्याची तीसेक वर्षं मी कारखान्यांत पगारकरार करण्यात घालवली. टेबलाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे युनियन, मध्ये मागणीपत्र. असा माणूस अंतराळयानावरच्या वाटाघाटींबद्दल काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. पण माझं काम मला ज्या गोष्टीतून कळलं ती अंतराळातलीच आहे.

‘स्टार ट्रेक’ मालिकेतला एक भाग आहे, १० नोव्हेंबर १९६६ रोजी अमेरिकेत पहिल्यांदा दाखवलेला. नाव ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’. एंटरप्राइज हे यान ताऱ्यांचे नकाशे तयार करत अनोळखी भागात पोचलंय. समोर एक रंगीबेरंगी, गरगर फिरणारा ठोकळा येऊन उभा राहतो. यान जिकडे वळेल तिकडे तोही वळतो. अठरा तास तो वाट अडवून बसतो. मग जवळ सरकू लागतो, त्याचे किरण माणसांना सोसेनात, आणि कॅप्टन कर्क त्याला उडवून देतो. थोड्याच वेळात ठोकळ्याचा मालक येतो. त्याचं यान म्हणजे मैलभर व्यासाचा लखलखता गोल. पडद्यावर बेलॉक नावाचा भीषण चेहरा दिसतो. तो सांगतो की तुम्ही आमच्या हद्दीत घुसलात, आमची इशाऱ्याची खूण फोडलीत, आता तुमचं यान नष्ट केलं जाईल. तुमचा काही देव असेल तर त्याचं नाव घ्यायला दहा मिनिटं देतो.

चारशेच्या वर माणसं आत अडकलेली. इंजिन चालत नाही, शस्त्रं चालत नाहीत. समोरच्याला द्यायला काही नाही, त्याच्याकडून हिसकावायलाही काही नाही.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी तरुण होतो. कर्कची हिंमत तेवढी आवडली. दहा मिनिटं कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. ज्याला मारायचंच आहे तो मुदत कशाला देईल? मैलभराच्या गोलाला एंटरप्राइज चिरडायला दहा सेकंद पुरली असती. तरी तो बोलतो, मिनिटं मोजतो, उत्तराची वाट पाहतो. जो बोलतो आहे त्याला आपल्याकडून काहीतरी हवं आहे. आणि पुष्कळदा तो तोंडाने जे मागतो, त्याहून ते वेगळं असतं.

हे मला कळलं एका केबिनमध्ये.

पर्सोनेल विभागात मी नवा होतो. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. व्यवस्थापनाने बोनसचा आकडा युनियनला न बोलावता परस्पर नोटीस बोर्डावर लावला. सकाळी अकरा वाजता चाळीसएक कामगार आमच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. साहेब आणि मी आत, ते चोहोबाजूंनी. फोनची वायर कुणीतरी उपटली. घोषणा इतक्या जवळून येत होत्या की माझ्या हातातल्या फाइलची पानं थरथरताना मला दिसत होती. ती घोषणांनी थरथरत होती की माझ्या हाताने, हे मी आजही सांगू शकणार नाही.

चारच्या सुमारास युनियनचे सेक्रेटरी पुढे झाले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. साहेबांना साखरेचा त्रास होता आणि त्यांचा डबा टेबलावर तसाच होता. अण्णांनी कॅन्टीनच्या पोराला हाक मारून चहा मागवला आणि म्हणाले, “साहेब, डबा खाऊन घ्या. साखर उतरली तर आमच्या माथी येईल.” खोली एकदम गप्प झाली. मी धीर करून विचारलं, “अण्णा, तुमचं जेवण झालं का?” अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून त्यांच्यातल्याही कुणी काही खाल्लं नव्हतं. ते पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. आणि मग आकड्याचं नावही न काढता ते जे बोलले ते असं होतं, की अठरा वर्षं इथे काम करतोय, आणि आमच्या घरच्या दिवाळीचा आकडा आम्हाला भिंतीवर वाचावा लागतो.

रात्री साडेनऊला घेराव उठला. नोटीस काढायची आणि दुसऱ्या दिवशी दहाला बैठकीला बसायचं, एवढंच ठरलं होतं. नंतर आकडा वाढला तोही फार थोडा.

आता पुन्हा यानावर या. या भागातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा धागा बेलॉकचा नाहीच, तो आहे बेलीचा. बेली हा तरुण अधिकारी, नुकती बढती मिळालेला. मुदतीची मिनिटं सरू लागतात तसा त्याचा तोल जातो. सगळ्यांसमोर तो ओरडतो, तुम्ही नुसते बसलात काय, आपण मरणार आहोत हे कळत नाही का! कर्क त्याला तिथून बाहेर काढतो. डॉक्टर मॅकॉय कर्कला सुनावतात की पोराला घाईने वर चढवलंस आणि फार ताणलंस. समोर मरण उभं असताना कॅप्टनला आपल्याच माणसांशी भांडावं लागतं. टेबलावर बसलेल्या कुणालाही विचारा, समोरच्या पक्षाशी बोलणं त्या मानाने सोपं असतं. आपल्या पाठीशी बसलेल्या घाबरलेल्या, चिडलेल्या, घाई झालेल्या माणसांना धरून ठेवणं फार अवघड. माझे मोडलेले करार बहुतेक तिथे मोडले.

कर्कचा सहकारी अधिकारी स्पॉक म्हणतो की बुद्धिबळात मात झाली की डाव संपतो. कर्क त्यावर थांबतो, आणि त्याला सुचतं की हा डाव बुद्धिबळाचा नाहीच, पोकरचा आहे. बुद्धिबळात दोघांना सगळा पट दिसतो. पोकरमध्ये समोरच्याच्या हातात कोणती पानं आहेत ते दिसत नाही. मग तो बेलॉकला सांगतो की आमच्या प्रत्येक यानात कॉर्बोमाइट नावाचा पदार्थ असतो. आमच्यावर हल्ला झाला तर तेवढ्याच ताकदीने हल्ला करणाऱ्याचाही नाश होतो. असा कुठलाही पदार्थ नाही. शुद्ध थाप आहे.

मुदत संपते. काही होत नाही. आणि मग बेलॉक पुरावा मागतो. तिथे कर्क जे करतो ते मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला सांगत आलो. तो उत्तरच देत नाही. समोरच्याला थोडं ताटकळत ठेवतो आणि मग नकार कळवतो. इतका वेळ बेलॉक मिनिटं मोजत होता, आता वाट पाहणं त्याच्या वाट्याला आलं.

थापेबद्दल मात्र मला स्पष्ट बोललं पाहिजे. मी ती कधी मारली नाही आणि मारूही नये असंच सांगेन. कर्कला बेलॉक पुन्हा भेटेल याची खात्री नव्हती. मला अण्णा दुसऱ्या दिवशी दहाला भेटणारच होते, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं. जिथे पुन्हा तोंड दाखवायचं आहे तिथे एका खोट्याचं व्याज फार वर्षं भरावं लागतं.

घाई न करता बोलत राहायचं, हे पोलीसही कटू अनुभवातूनच शिकले. १९७२ च्या सप्टेंबरात म्युनिकच्या ऑलिम्पिकमध्ये इस्राएलच्या संघातले लोक ओलीस धरले गेले. सोडवण्याची कारवाई फसली आणि संघातले एकूण अकरा जण गेले. काही महिन्यांनी, जानेवारी १९७३ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये दरोडेखोरांनी क्रीडासाहित्याच्या एका दुकानात लोकांना अडकवून ठेवलं. एक पोलीस मारला गेला होता, बाहेर संताप होता. पण हार्वे श्लॉसबर्ग नावाचा, मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेला पोलीस अधिकारी सांगत राहिला की थांबा, घाई करू नका. तो वेढा ४७ तास चालला. ओलीस आतल्या एका जिन्याने छतावर पोचून निसटले आणि पुढे दरोडेखोरही शरण आले. त्याच वर्षी श्लॉसबर्ग आणि फ्रँक बोल्झ यांनी न्यूयॉर्क पोलिसांचं वाटाघाटी करणारं पथक उभं केलं. त्या पथकाचं ब्रीद ‘माझ्याशी बोला’ एवढंच आहे.

आणि ओलीस हा शब्द आपल्याला नवा थोडाच आहे? पुरंदरला दिलेरखानाचा वेढा पडला होता, मुरारबाजी पडले होते. ११ जून १६६५ रोजी महाराज मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत स्वतः गेले. तेवीस किल्ले द्यावे लागले, बारा राहिले. तहाची हमी म्हणून आठ वर्षांचे संभाजीराजे मोगल छावणीत गेले. एवढा बलाढ्य सेनापती, तरी बोलायला बसला, कारण त्याला पुढे विजापूरवर जायचं होतं आणि त्या मोहिमेत मराठे आपल्या बाजूला हवे होते. बारा किल्ले का राहिले, याचं उत्तर शोधताना मला हे कारण डावलता येत नाही. पण एका बापाला त्या दिवशी काय द्यावं लागलं, ते आठवलं की मला वाटाघाटी हा शब्द हलका वाटतो.

बेलॉकला काय हवं होतं? थापेनंतर तो निवळतो. एक छोटं यान एंटरप्राइजला ओढून नेऊ लागतं. कर्क इंजिन फुटेल इतकं ताणून सुटका करून घेतो. छोटं यान बंद पडतं आणि त्यातून मदतीची क्षीण हाक येते. मैलभराच्या गोलाकडून तिला उत्तर येत नाही. कर्कला आता पळून जाता आलं असतं. तो मॅकॉय आणि बेलीला घेऊन मदतीला जातो.

आत छत इतकं बुटकं की वाकून चालावं लागतं. पडद्यावरचा तो भीषण चेहरा बाहुलीचा निघतो. खरा बेलॉक लहान मुलाएवढा, हसरा. ती भूमिका सात वर्षांच्या मुलाने केली होती. त्याने एंटरप्राइजच्या नोंदी वाचल्या होत्या, पण वाचलेलं खरं कशावरून, ते पारखायला हे सगळं. एवढा मोठा गोल तो एकटाच चालवतो. पाहुण्यांना तो ट्रान्या नावाचं पेय देतो. ते पेले पाहिले की मला दर वेळी कॅन्टीनच्या पोराने आणलेला तो चहा आठवतो, काचेच्या पेल्यातला, वर साय धरलेला.

बेलॉकला सोबत हवी असते. तुमच्यातला कुणी माझ्याकडे राहील का, असं तो विचारतो. कर्क बेलीकडे वळतो. मघाशी ओरडत सुटलेला तो पोरगा स्वतःहून म्हणतो, मी राहतो. आणि बेलॉक तिघांनाही आपलं यान दाखवायला पुढे होतो.