आपली टीम नसलेला वर्ल्डकप

मंडळी, आधीच सांगून टाकते, मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. बाहेर फळ्यावर "फुटबॉल विश्वचषक : एक आस्वाद" असं जे लिहिलंय ते आपल्या सेक्रेटरींचं काम, मी त्यांना म्हटलं होतं नुसतं "टीव्हीसमोरच्या गप्पा" लिहा. तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसलेली बाई मी, खेळाशी संबंध शाळेतल्या खो-खोपुरता.

तर झालं असं की 2022 च्या नोव्हेंबरात सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि रात्री त्यांच्याजवळ कोणीतरी जागं पाहिजे. हॉलमध्ये त्यांचा पलंग, शेजारी खुर्चीत मी गोधडी गुंडाळून, आणि नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये, निफाडचा पारा पेपरात यायला लागला की इथे आपले दात वाजतात. कतारमधल्या मॅचेस आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू व्हायच्या ते शेवटची रात्री साडेबाराला, जागरणवाल्यांसाठीच टाइमटेबल केलेलं जणू. मग आवाज बंद करून लावायची.

पहिली अडचण ऑफसाइडची नव्हती, ती नंतर आली. पहिली अडचण ही की कोणाच्या बाजूने बसायचं? क्रिकेटमध्ये हा प्रश्नच नसतो, निळा शर्ट दिसला की झालं. इथे 32 टीम आणि आपण त्यात नाहीच. 1950 ला आपली टीम पात्र ठरली होती पण ब्राझीलला गेलीच नाही, आणि अनवाणी खेळू देईनात म्हणून गेली नाही ही जी गोष्ट आपण ऐकत आलोय ती जाणकार काही पूर्ण खरी मानत नाहीत, त्या काळी आपल्या लोकांना ऑलिंपिकचंच जास्त कौतुक होतं म्हणतात. ते असो.

मी आपला साधा नियम केला, जो दुबळा तो आपला. आणि नशीब बघा, 22 नोव्हेंबरला दुपारी सासूबाईंना भात भरवता भरवता लावलं तर अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया. अर्जेंटिना म्हणजे सलग 36 मॅचेस न हरलेली टीम, त्यांच्या मेस्सीचा पेनल्टीवर गोल, म्हटलं संपलं. पण पुढे हाफटाइमच्या आत अर्जेंटिनाने आणखी तीनदा बॉल जाळ्यात घातला आणि तिन्ही वेळा ऑफसाइड! मला कळेना काय चाललंय. मुलाने मीठ, साखर आणि हळदीच्या डब्या मांडून समजावलं तरी डोक्यात शिरेना, शेवटी माझं मीच लावलं, हे खो-खोसारखंच आहे, खो मिळायच्या आधी उठलास की फाउल. पास सुटतो त्या क्षणी समोरच्यांचा शेवटून दुसरा माणूस बघायचा, त्याच्या आणि बॉलच्याही पुढे जाऊन उभा असलास तर गेलास. सौदीवाले मुद्दाम सगळी फळी पुढे आणून उभे होते, त्यामुळे अर्जेंटिनावाले परत परत लवकर उठत होते. आणि हे पकडायला म्हणे छपराखाली 12 कॅमेरे आणि बॉलच्या पोटात सेन्सर. नंतर सौदीने दोन गोल मारले, 2-1. मी एवढ्याने ओरडले की सासूबाईंच्या हातातला चमचा पडला.

नियम मोडला तो जपान-क्रोएशियाच्या दिवशी. जपान तर आपलाच, जर्मनी आणि स्पेन दोघांना हरवून आलेला. पण मुलगा म्हणाला, आई, क्रोएशियाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत आहे. आता आपला नाशिक जिल्हाच 2011 च्या जनगणनेत 61 लाख. म्हणजे इगतपुरी ते मालेगाव मिळून आपण त्यांच्यापेक्षा मोठे, आणि ते आदल्या वर्ल्डकपला फायनलला गेलेले! मग दुबळं कोण? मी हाफटाइमला बाजू बदलली. हसू नका, त्या वर्षी महाराष्ट्रात मी एकटीच नव्हते.

मोरोक्कोच्या वेळी मात्र नाही बदलली. स्पेनबरोबर बरोबरी होऊन एकेक पेनल्टी मारायची वेळ आली तेव्हा शेवटची मारायला मोरोक्कोचा हकीमी, जन्म स्पेनमधल्या माद्रिदचा, म्हणजे ज्या देशात जन्मला त्याच देशाला घरी पाठवायचं, आणि त्याने बॉल जोरात न मारता मधोमध अलगद उचलून टाकला, पोस्टात शिक्का मारावा इतक्या थंडपणे. पुढे पोर्तुगालला 1-0 हरवलं, आफ्रिकेतली पहिली टीम सेमीफायनलला. त्यांचा तो बुफाल, त्याने आईला मैदानात आणून तिच्याबरोबर नाच केला. डोक्यावरून रुमाल घेतलेली साधी बाई. सासूबाई तोवर वॉकर धरून दहा पावलं चालायला लागल्या होत्या, त्या कितीतरी वेळ बघत बसल्या, म्हणाल्या, "हिचे गुडघे बरे दिसतात."

अर्जेंटिना-फ्रान्स फायनलला, 18 डिसेंबरला, मी मेस्सीच्या बाजूने. म्हातारपणी मिळू दे त्याला, असं सरळ कारण (पस्तिशीचा पोरगा, पण सगळे तसंच बोलत होते). पण 2-0 झालं आणि फ्रान्स गोलवर धड एक शॉटही मारेना, तेव्हा मला त्यांचीच दया यायला लागली, मनात म्हटलं एक होऊ दे बिचाऱ्यांचा. आणि मी दूध तापवायला उठले तेवढ्यात फ्रान्सच्या एम्बापेने दोन मिनिटांत दोन मारले! दूध ऊतू गेलं. एक मागितला होता, दोन कोणी सांगितले? मग 3-2, मग परत 3-3, त्याचे तिन्ही, आणि अगदी शेवटी अर्जेंटिनाच्या गोलकीपरने, मार्टिनेझने, पाय लांब करून तो एक अडवला नसता तर... मी गोधडीत तोंड घालून बसले होते, कोणाचा देव पाण्यात ठेवू तेच कळेना.

पेनल्टी संपल्या, कॉलेज रोडच्या बाजूला फटाके वाजले, सासूबाई दचकून जाग्या झाल्या. म्हणाल्या, "कोण जिंकलं गं?"

म्हटलं, "अर्जेंटिना."

"ते आपले होते का?"

म्हटलं, "आज होते. मधे थोडा वेळ नव्हते."

"बरं," म्हणाल्या, आणि कूस बदलली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, कोणी हात न लावता.