टी-शर्टवरची छपाई : आधी कापड बघा

नमस्कार मंडळी. टी-शर्ट छापून घ्यायला आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, 'डीटीएफ करू की स्क्रीन?' म्हणजे फिल्मवर छापून ती शर्टावर दाबायची, की जाळीतून थेट शाई उतरवायची. माझा आग्रह असा, की आधी आतलं लेबल उलटून बघा. कापड शंभर टक्के कॉटन आहे, पॉलिएस्टर आहे की मिश्रण, हे कळलं की काही पर्याय तिथंच गळतात. नग किती आणि रंग किती, हे त्यानंतर.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते. फ्रेमच्या जाळीवर इमल्शनचा, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणाऱ्या लेपाचा, हात द्यायचा, अंधारात वाळवायचं, डिझाइनची काळी फिल्म ठेवून यूव्ही प्रकाश दाखवायचा आणि पाण्यानं धुवायचं. प्रकाश न लागलेलं इमल्शन निघून जातं आणि तेवढ्याच जागेतून शाई उतरते. ठसठशीत अक्षरांना इंचाला 110 धाग्यांची जाळी चालते. हाफटोन, म्हणजे बारीक ठिपक्यांनी साधलेली छटा, असेल तर 230 किंवा त्याहून बारीक घ्या. हा खटाटोप 10 शर्टांना जेवढा, तेवढाच 1000 शर्टांना. म्हणून थोड्या नगांना स्क्रीन महाग पडते, आणि दोन-तीन रंगांचे शेकड्यांनी शर्ट असतील तर तीच परवडते.

काळ्या शर्टावर आधी पांढरा बेस, म्हणजे खालचा थर, मारावा लागतो. तो फ्लॅशखाली, म्हणजे झटपट सुकवणाऱ्या हीटरखाली, बोटाला चिकटणार नाही इतपतच सुकवायचा. जास्त तापला तर वरचा रंग त्याला धरत नाही आणि पुढं पापुद्रे सुटतात. प्लास्टिसॉल ही प्लास्टिकयुक्त शाई हवेवर वाळतच नाही. तिला साधारण 160 अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि तीही थराच्या तळापर्यंत पोचलेली. इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरचं तापमान दाखवतो, म्हणून त्याच्या आकड्यावर विसंबू नका. शर्ट गार झाल्यावर प्रिंट ताणून बघा. भेगा पडल्या तर शाई कच्ची आहे आणि धुण्यात जाणार. पाण्याच्या शाईचा स्पर्श फार मऊ येतो, पण ती जाळीतच वाळून छिद्रं बुजवते. काम मध्येच थांबलं तर फ्रेमवर शाईचा हात फिरवून ठेवायचा.

आता पॉलिएस्टर. दहीहंडीच्या गोविंदा पथकांच्या जर्सी बहुधा याच कापडाच्या असतात आणि सर्वांत जास्त तक्रारीही तिथंच येतात. लाल जर्सीवर पांढरं शुभ्र नाव छापलं, दोन दिवसांत ते गुलाबी झालं. दोष शाईच्या रंगाचा नव्हे. पॉलिएस्टर रंगवायला वापरलेला डिस्पर्स डाय उष्णतेनं वायुरूप होतो आणि वरच्या शाईत शिरतो. उपाय तीन : कमी तापमानाला क्युअर, म्हणजे पक्की, होणारी शाई वापरा, खाली रंग अडवणारा करडा ब्लॉकर बेस द्या, आणि ड्रायरमधून आलेले गरम शर्ट एकावर एक रचू नका. थप्पीत उष्णता कोंडून राहते आणि रंग चढतच राहतो.

सब्लिमेशन रंग वायुरूप होण्याच्या याच गुणाचा उपयोग करून घेतं. कागदावरची छपाई कापडावर ठेवून 190 ते 200 अंशांवर 45 ते 60 सेकंद दाबली की रंग धाग्यातच मुरतो. हाताला काही लागत नाही, भेगा पडत नाहीत. मात्र यात पांढरी शाई नसते, त्यामुळे कापड पांढरं किंवा फिकटच हवं. कॉटनवर हा रंग पहिल्या धुण्यातच ओसरतो.

डीटीएफमध्ये पीईटी या प्लास्टिकच्या फिल्मवर उलटी छपाई होते : आधी रंग, त्यावर पांढरा. शाई ओली असतानाच गोंदाची पावडर टाकून जादाची झटकायची, वितळवायची, आणि फिल्म शर्टावर साधारण 150 ते 160 अंशांना 10 ते 15 सेकंद दाबायची. कोल्ड पील फिल्म पूर्ण गार झाल्याशिवाय सोलू नका. घाई केली की कडा उचलल्या जातात. मग बटर पेपर ठेवून पुन्हा एकदा दाबायचं. कॉटन असो वा पॉलिएस्टर, काळा असो वा पांढरा, एक नगही निघतो. पण पाठभर भरीव चौकोन छापलात तर तिथं हवा खेळत नाही आणि घामानं शर्ट अंगाला चिकटतो. अशा डिझाइनला मध्ये मोकळ्या जागा सोडाव्यात.

पावसाळ्यात डीटीएफ विशेष त्रास देतं. दमट हवेत फिल्म ओल धरते आणि पावडर नको तिथंही चिकटते. दाबल्यावर डिझाइनभोवती तिचे ठिपके दिसतात. फिल्मचा रोल पिशवीत बंद ठेवा, खोलीतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत राखा, आणि फिल्म ठेवण्याआधी शर्ट रिकामाच तीन ते पाच सेकंद दाबून त्यातली ओल घालवा.

डीटीजी, म्हणजे थेट कापडावर छापणारं मशीन, थोड्या नगांच्या कॉटन शर्टांवर फोटोसारखी चित्रं मऊ उतरवतं. गडद कापडाला आधी प्रीट्रीटमेंटचा, म्हणजे शाई वरच धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, फवारा लागतो. तो कमी पडला तर पांढरी शाई धाग्यात बुडून मळकट दिसते. त्या शाईतला टायटॅनियम डायऑक्साइड तळाशी बसतो, म्हणून मशीन चार दिवस बंद ठेवलं की शाई फवारणारं हेड चोंदतं.

पथकाच्या ऑर्डरला दोन पद्धती एकत्र वापराव्यात, असं माझं मत आहे. छातीवरचं बोधचिन्ह सर्वांना सारखंच, ते स्क्रीननं. पाठीवरचं नाव आणि नंबर प्रत्येकाचा वेगळा, तो डीटीएफनं. त्यात स्क्रीनचं काम आधी उरकायचं. डीटीएफचा गोंद ड्रायरच्या उष्णतेत पुन्हा मऊ होतो. पहिला नमुना तयार झाला की 24 तास थांबा, उलटा करून गार पाण्यात पाच वेळा धुवा, आणि मगच बाकीचे शर्ट छापायला घ्या.