उघड्या माळावरचा प्राँगहॉर्न : निरीक्षण आणि छायाचित्रण

मित्रहो, वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणाचे जे धडे आपण गिरवतो, ते बहुतेक जंगलात तयार झालेले असतात. झाडाचा आडोसा धरा, पाणवठ्याजवळ लपून बसा, पाऊल वाजू देऊ नका, हे नियम दाट रानात योग्यच आहेत. अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या माळांवर प्राँगहॉर्न पाहायला गेलो, तर मात्र तिथे आडोसाच नसतो. गुडघ्या-मांडीइतक्या उंचीची सेजब्रशची करडी झुडपे क्षितिजापर्यंत पसरलेली असतात, वारा सतत वाहत असतो आणि आपली नजर त्या प्राण्यावर पडण्याच्या कितीतरी आधी त्याने आपल्याला पाहिलेले असते. म्हणून आज मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे की, या प्राण्याच्या बाबतीत लपण्याचा खटाटोप सोडून द्यावा, उघडपणे दिसत राहावे आणि दोघांमध्ये किती अंतर असावे हे त्यालाच ठरवू द्यावे.

प्रथम प्राण्याची ओळख करून घेऊ. प्राँगहॉर्न पाहिला की आपल्याला काळविटाची आठवण होते, पण दोघांचे कूळ वेगळे आहे. काळवीट हे गाय-शेळीच्या कुळातील खरे कुरंग. प्राँगहॉर्न हा मात्र स्वतःच्या कुळातील एकमेव उरलेला प्राणी असून, आज जिवंत असलेल्या प्राण्यांत जिराफ आणि ओकापी हे त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक मानले जातात. काळविटाचे शिंग जन्मभर टिकते. प्राँगहॉर्नच्या शिंगाचा आतला गाभा हाडाचा असतो आणि त्यावरचे काळे आवरण दरवर्षी गळून नवे येते. त्या आवरणाला पुढच्या बाजूने एक आखूड फाटा फुटलेला असतो. छायाचित्रकाराने हे लक्षात ठेवायला हवे, कारण समागमाचा हंगाम संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, नरांची शिंगे गळतात आणि मग डिसेंबरात भारदस्त शिंगांचा नर शोधत फिरण्यात अर्थ नसतो. नराची दुसरी खूण म्हणजे कानाखाली गालावर असलेला काळा डाग. मादीला तो नसतो, आणि तिची शिंगे असलीच तर अगदी लहान असतात.

पाश्चात्त्य विज्ञानाशी या प्राण्याची ओळख तशी उशिराच झाली. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेला तो १८०४ साली मिसूरी नदीच्या काठी भेटला आणि १८१५ मध्ये जॉर्ज ऑर्ड यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी त्यांची संख्या कोट्यवधींत होती असा अंदाज आहे. शंभर वर्षांच्या अनिर्बंध शिकारीनंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात, ती काही हजारांवर आली. पुढे शिकारीवर निर्बंध आले, नेवाडात १९३१ मध्ये आणि ओरेगनमध्ये १९३६ मध्ये खास त्यांच्यासाठी क्षेत्रे राखली गेली, आणि कळप सावरले. आज जगातील प्राँगहॉर्नांचा सर्वांत मोठा वाटा एकट्या वायोमिंगमध्ये आहे.

त्याच्या धावण्याबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. ताशी सुमारे ८८ किलोमीटर हा त्याचा सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा कमाल वेग, आणि त्याहून थोडा कमी वेग तो काही किलोमीटर टिकवू शकतो. रुंद श्वासनलिका आणि मोठी फुप्फुसे असलेले ते शरीर तोंड उघडे ठेवून हवा ओढत धावते. आज त्या माळावर त्याच्या मागे लागणारे कायोटी (लांडग्याच्याच कुळातील, पण त्याहून लहान शिकारी) आणि लांडगे यांच्यापैकी कोणीही या वेगाच्या जवळपास पोचत नाही. मग हा वेग कशासाठी? मोंटानातील माळावर दीर्घकाळ अभ्यास केलेले जॉन बायर्स यांचे उत्तर असे की, सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या अमेरिकन चित्त्यासारख्या शिकाऱ्यांनी हा वेग घडवला; शिकारी गेले, वेग राहिला. आपल्याला हे कळायला फार लांब जावे लागत नाही. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, १९५२ मध्ये भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, आणि रेहेकुरीच्या माळावरचे काळवीट मात्र आजही त्याच वेगाने पळते.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे येतो. गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी, इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास कॅमेऱ्याला हात न लावता दुर्बिणीतून कळप पाहावा. कोण बसले आहे, कोण चरते आहे, कोणाची मान वर आहे, हे कळू लागते. पाठीमागचे पांढरे केस फुलले, तर तो इशारा आहे. ते पांढरे वर्तुळ उन्हात फार दुरून दिसते आणि एकाने केस फुलवले की सगळ्या माना वर येतात. आपल्यामुळे केस फुलले असतील, तर आपण जास्त जवळ गेलो आहोत. तिथे थांबावे, किंवा सरळ मागे फिरावे. पायी जायचे असेल तर कळपाच्या दिशेने थेट चालू नये. तिरपे चालावे, मध्ये बसावे, पुन्हा थोडे चालावे. वाकून, दबकत पुढे सरकणारा माणूस शिकाऱ्यासारखा वागत असतो आणि प्राँगहॉर्न त्याला तसेच समजतो. ताठ, संथ, सतत नजरेसमोर असलेला माणूस त्याला अधिक सहज चालतो.

पुष्कळदा तो आपण होऊन जवळ येतो. अनोळखी वस्तूबद्दल त्याला विलक्षण कुतूहल असते, आणि जुने शिकारी काठीला फडके बांधून ते हलवत व त्याला बंदुकीच्या टप्प्यात आणत. छायाचित्रासाठी ही युक्ती वापरू नये असे माझे ठाम मत आहे. कुतूहलाने आलेला प्राणी आणि बोलावून फसवलेला प्राणी या दोन्ही चित्रांत कदाचित फरक दिसणार नाही, पण त्या प्राण्याच्या दिवसात फरक पडलेला असतो. गाडीबरोबर शर्यत लावून पळतानाची चित्रे घेणे हेही तसेच. तो गाडीशेजारी धावू लागतो आणि एकदम समोरून आडवा जातो. अशा वेळी वेग कमी करून थांबणे हेच आपले काम. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात त्याच्यापासून किमान २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर, दूर राहण्याचा नियम आहे. ती शेवटची मर्यादा आहे, गाठायचे ठिकाण नव्हे.

तंत्राविषयी थोडक्यात सांगतो. पाचशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स उपयोगी पडते, पण लांब लेन्सने सर्व काही साधते हा समज इथे फसतो. सकाळचे ऊन चढले की जमिनीवरून गरम हवा उठते आणि दूरचा प्राणी कितीही नेमका फोकस केला तरी विरघळल्यासारखा दिसतो. त्यामुळे सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा वेळ एवढेच खरे कामाचे. हिवाळ्यात हाच त्रास गाडीतून होतो : हीटर चालू ठेवून काच खाली केली की आतली ऊब लेन्ससमोरूनच बाहेर पडते; म्हणून आधी हीटर बंद करून गाडी बाहेरच्या इतकी थंड होऊ द्यावी. पोट आणि पाठीमागचा भाग शुभ्र असल्याने प्रकाशाचे माप किंचित कमी धरावे, नाहीतर तिथला तपशील कायमचा जातो. धावत्या प्राण्यासाठी सेकंदाचा दोन हजारावा भाग योग्य. जमिनीलगत बसल्यास तो आकाशरेषेवर येतो आणि चित्र उठून दिसते, मात्र बसण्यापूर्वी निवडुंग आणि खुळखुळ्या साप पाहून घ्यावेत.

सप्टेंबरचा उत्तरार्ध हा निरीक्षणाचा सर्वांत श्रीमंत काळ. नर माद्यांना एकत्र राखतो, कानाखालची ग्रंथी झुडपांवर घासतो, जमीन हुंगून खुराने उकरतो आणि त्याच जागी मूत्र व विष्ठा टाकून आपली हद्द जाहीर करतो. या क्रिया ठरलेल्या क्रमाने होतात. हुंगणे सुरू झाले की पुढे काय येणार हे आपल्याला आधीच कळते आणि बोट शटरवर तयार राहते.

मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनमध्ये पाडसे जन्मतात, बहुधा जुळी. पहिले काही आठवडे ती झुडपांत निपचित पडून राहतात. आई मुद्दाम दूर चरते आणि दूध पाजण्यापुरती येते. कायोटी आणि सोनेरी गरुड यांच्यापासून त्यांचे हेच संरक्षण. एकटे पडलेले पाडस दिसले तर ते टाकून दिलेले नाही, आई कुठेतरी उभी राहून आपल्याकडेच पाहत आहे, हे समजून तिथून निघून जावे. ते चित्र घेऊच नये.

प्राँगहॉर्नच्या चित्रांतून जी गोष्ट बहुतेक जण कापून टाकतात, ती म्हणजे तारेचे कुंपण, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काळवीट सहज उंच उड्या मारते. इतक्या वेगाने धावणारा प्राँगहॉर्न मात्र सहसा कुंपणावरून उडी मारत नाही. लाखो वर्षे मोकळ्या माळावर काढलेल्या या प्राण्याला तशी गरजच पडली नाही. तो खालच्या तारेखालून वाकून, सरपटत जातो. तार काटेरी आणि ठेंगणी असेल तर पाठीची कातडी सोलते, आणि मेंढ्यांसाठी लावतात तशी जाळी असेल तर वाटच बंद होते. १९८३ मध्ये वायोमिंगमधील रॉलिन्स गावाजवळच्या रेड रिम भागात एका जमीनमालकाने सुमारे ४५ किलोमीटर लांबीचे असे कुंपण घातले आणि त्या कडक हिवाळ्यात चाऱ्याकडे निघालेले कळप तिथे अडकून उपासमारीला लागले. सार्वजनिक जमिनीची वाट अडवता येणार नाही, असा निर्णय संघराज्याच्या अपील न्यायालयाने १९८८ मध्ये कायम केला.

वायोमिंगमधील ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानातून ग्रीन नदीच्या खोऱ्याकडे जाणारी त्यांची स्थलांतराची वाट दीडशे मैलांपर्यंत लांब आहे. त्या वाटेवरच्या ट्रॅपर्स पॉइंट या अरुंद जागी सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी शिकार झालेल्या प्राँगहॉर्नांची हाडे सापडली आहेत. तिथेच महामार्ग आडवा आला, आणि २०१२ मध्ये प्राण्यांसाठी रस्त्यावरून जाणारा पूल पूर्ण झाला. त्याच प्रकल्पात रस्त्याखालचे बोगदेही बांधले होते. म्युल हरणे, म्हणजे तिथली मोठ्या कानांची हरणे, बोगद्यांतून जातात. प्राँगहॉर्न जवळजवळ नेहमी पूल निवडतो, कारण पुलावरून त्याला चहूकडे दिसते. आपण त्याच्यासमोर उघडपणे का बसावे, याचेही कारण हेच आहे.

तेव्हा माझी विनंती अशी की, त्या भागात गेलात तर एखादी सकाळ कुंपणासाठी राखून ठेवा. खालच्या तारेवर अडकलेले केस आणि खालून खणल्यासारखी झालेली वाट दिसली, की तिथून कळप नेमाने जातो हे समजावे. ओलांडण्याच्या जागेपासून खूप दूर, वाट मोकळी ठेवून बसावे. आधी म्हातारी मादी येते, थांबते, तारेच्या कडेने चालत जाते, परत येते, आणि मग एकेक जण गुडघे टेकून पलीकडे जातो. कधीकधी मागे राहिलेला एखादा तिथेच घुटमळत राहतो. हे सगळे टिपावे, तारेसकट. जागा आणि तारीख नीट लिहून ठेवावी आणि ती नोंद राज्याच्या वन्यजीव विभागाकडे द्यावी. खालची तार बिनकाट्याची करून जमिनीपासून चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर वर घेतली तर प्राणी सुखरूप जातात आणि गुरेही आत राहतात. वायोमिंग आणि मोंटानात स्वयंसेवक जमीनमालकांच्या संमतीने हे काम करत आहेत, आणि कोणत्या तारेपासून सुरुवात करावी हे त्यांना अशा नोंदींवरून ठरवता येते.