पांगाऱ्यावरचं हिरवं पान

नमस्कार श्रोतेहो.

माघ सरत आला की आमच्या परसातला पांगारा पानं झडून लालबुंद फुलतो, आणि शेंड्याकडून 'ची-ची-ची' असा बारीक, तीन तुकड्यांचा आवाज येऊ लागतो. वर बघावं तर नुसती फुलं. मग एखादं हिरवं पान हलतं, आणि ध्यानात येतं, पांगाऱ्याला या दिवसांत पान कुठलं? तोच आपला भुंडा पोपट.

चिमणीएवढा जीव, जेमतेम १४ सेंटीमीटरचा. शेपटी आखूड, म्हणून भुंडा. अंग हिरवंगार, चोच लाल, नराच्या गळ्यावर निळा ठिपका. उडाला की पाठीच्या खालच्या भागावरचा कुंकवासारखा लाल रंग लख्ख दिसतो. याला मधाचं भारी वेड. पांगारा, सावर फुलली की उलटासुलटा लटकून फुलांत चोच घालतो. माडाच्या पोयीला बांधलेल्या मडक्यातली माडीसुद्धा पितो, आणि कधीकधी ती त्याला चढतेही.

मला सगळ्यात नवल वाटतं ते मादीचं. जानेवारी ते एप्रिल हा यांचा विणीचा काळ. घर म्हणजे झाडाची ढोली. आत अंथरायला ती हिरव्या पानांच्या पट्ट्या कातरते, पण चोचीत धरून नेत नाही. माडावर चढणारा गडी कमरेच्या आकडीला कोयती अडकवतो ना, तशी ती प्रत्येक पट्टी कमरेवरच्या लाल पिसांत खोचते. चार-पाच खोचून झाल्या की भुर्रकन ढोलीकडे.

ढोली मिळते ती बहुतेक वठलेल्या खोडात, आणि सरपणाला पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते. आमच्याकडूनही तसंच झालं. आंब्याची वाळकी फांदी उतरवली, तर आतल्या भुशात हिरव्या पानांचे तुकडे होते. अजून जिवाला लागतं ते. तेव्हापासून आमच्या बागेत वठलेलं झाड उभंच ठेवतो. तुम्हीही ठेवा, अशी हात जोडून विनंती आहे. 'धरून पाळता येईल का?' असंही विचारतात लोक. नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे.

आणि पिंजऱ्यात त्याची झोप तरी कशी दिसेल? दिवेलागणीला तो बारीकशी डहाळी निवडतो, पायांनी घट्ट धरतो, आणि वटवाघळासारखा डोकं खाली करून रात्रभर टांगून झोपतो.