आजची मॅच कुठल्या ॲपवर?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या कोल्हापुरात गणपती जवळ आले की वर्गणीचं पावतीपुस्तक दारात येतं. आधी गल्लीचं मंडळ, मग तालीम, मग मागच्या बोळातली पोरं. कुरकुरत का होईना, सगळ्यांच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं. पण वर्गणी न देणाऱ्यालाही दर्शन बंद नसतं. मांडवाला दारच नसतं.

आज मी ज्या वर्गणीबद्दल बोलणार आहे तिला दार आहे, कुलूप आहे आणि ते उघडायला ओटीपी लागतो.

2025च्या सप्टेंबरची 28 तारीख, रविवार. घरात घट बसलेले. दुबईत आशिया चषकाची फायनल, भारत आणि पाकिस्तान. आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, वय 81, साडेसातलाच भाकरी आटपून टीव्हीसमोर बसले. आयपीएलच्या वेळी घेतलेलं ॲप चालूच होतं, दर तीन महिन्यांनी पैसे आपोआप कापले जात होते. ते उघडलं. मालिका होत्या, सिनेमे होते, जुन्या सामन्यांचे तुकडे होते. आजची मॅच तेवढी नव्हती. पुण्याला मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, ती त्याच्यावर नाहीय, दुसऱ्यावर आहे." दुसरं उतरवून घेतलं. तिथं महिन्याचे पैसे भरावेत तर महाग, वर्षाचे भरावेत तर स्वस्त. पण एका रात्रीसाठी वर्ष? शेवटी वर्षाचेच भरले. ओटीपी गेला मुलाच्या फोनवर आणि तो तेव्हा दुचाकीवर. हे सगळं निस्तरेपर्यंत पाकिस्तान 1 बाद 113. आप्पा एक शब्द बोलले नाहीत. नुसती पानाची चंची उघडली आणि परत मिटली. पुढचे 9 गडी 33 धावांत गेले आणि ते सगळे दिसले, म्हणून त्या रात्री घरात शांतता राहिली.

दुसऱ्या दिवशी मी हिशेबाची वही घेऊन बसले. दूध, गॅस, पेपर, केबल यांना त्यात जागा आहे. मॅचला नाही. का, ते शोधायला गेले तर कळलं की एक वर्गणी मुलाच्या कार्डातून जाते, दुसरी ह्यांच्या यूपीआयमधून आणि तिसरी मुलीनं स्वतःच्या पैशातून घेतलेली. तीन खिशांतून गेलेला पैसा कुणालाच जड वाटला नव्हता.

तिघांचं वेड वेगळं, हाही एक घोळ. आप्पांना क्रिकेट. मुलीला फॉर्म्युला वन, ते फॅनकोड नावाच्या ॲपवर. ह्यांना फुटबॉल, आणि कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल सोड म्हणण्यात अर्थ नाही. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत जो वाढला, तो रात्री साडेबाराला युरोपातले सामनेही बघणारच. आता युरोपातलं बघा. इंग्लंडची प्रीमियर लीग जिओहॉटस्टारवर, चॅम्पियन्स लीग सोनीलिव्हवर, स्पेनची ला लीगा फॅनकोडवर. म्हणजे लिव्हरपूलवर जीव असला तर शनिवारी एक ॲप आणि बुधवारी दुसरं. टेनिसचंही तेच, विम्बल्डन एकीकडे आणि ऑस्ट्रेलियन ओपन दुसरीकडे. 2025च्या उन्हाळ्यात आपला संघ इंग्लंडला गेला तेव्हा तर एकाच कसोटीचे दोन भाग झाले: टीव्हीवर सोनीकडे, मोबाईलवर जिओहॉटस्टारकडे.

हे असं का झालं, याचं उत्तर लिलावात आहे. जून 2022मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकले गेले, आणि या वेळी टीव्ही आणि इंटरनेट वेगवेगळे काढून विकले. टीव्ही स्टारनं घेतला, 23,575 कोटींना. इंटरनेट वायकॉम 18नं घेतलं, 23,758 कोटींना. परदेशातले हक्क धरून एकूण 48,390 कोटी. आधीच्या पाच वर्षांना हाच आकडा 16,347 कोटींचा होता. मी शिक्षिका होते, त्रैराशिक सुटत नाही म्हणून सांगते: 410 सामन्यांत वाटलं तर एका सामन्याला 118 कोटी. एका सामन्यात 240 चेंडू धरले, तर एका चेंडूला साधारण 49 लाख. वाइडचे वेगळे धरलेले नाहीत.

एवढा पैसा ओतणारा माणूस तो वसूल करणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा राग मधल्या दोन वर्षांवर आहे. 2022चा कतारचा फुटबॉल विश्वचषक वायकॉम 18च्या जिओसिनेमा ॲपवर फुकट. 2023ची आयपीएल फुकट. वर मराठी समालोचनही. केदार जाधव तिथं मराठीत बोलता बोलता बेंगळुरूच्या संघात बदली खेळाडू म्हणून गेला, आठवतं का? मग स्टारच्या हॉटस्टारनंही त्या वर्षीचा एकदिवसीय विश्वचषक मोबाईलवर फुकट केला. 1 ऑगस्ट 2024ला आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, तेही लोकांनी बाजारात, एसटीत, दुकानाच्या कट्ट्यावर, एकेका फोनभोवती चौघं वाकून, फुकट बघितलं. यात्रेतला मिठाईवाला तळहातावर वानवळा ठेवतो ना, तसं चाललं होतं. सवय लागली. नोव्हेंबर 2024मध्ये दोन्ही दुकानं एक झाली, आणि 14 फेब्रुवारी 2025ला जिओहॉटस्टार सुरू झालं. आयपीएल काही मिनिटं मोफत, पुढं वर्गणी.

सुरुवातीचा दर होता तीन महिन्यांना 149 रुपये. दिवसाला पावणेदोन रुपयेही पडत नाहीत, हे मी कबूल करते. आमच्याकडं दोघांनी मिसळ खाल्ली तरी जवळपास तेवढे होतात. पण तो दर फक्त मोबाईलचा होता, तोही एका वेळी एका फोनचा. टीव्हीवर बघायचं तर 299. हा फरक मला रुपयांपेक्षा जास्त लागला. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तळहाताएवढ्या काचेवर त्यांना चेंडू दिसत नाही, फलंदाज हलला एवढंच कळतं. स्वस्त दर एकट्या माणसाचा आहे. खोलीभर माणसं एकत्र बसली की दर वाढतो. आमच्या लग्नात आलेल्या टीव्हीवर अख्खी गल्ली मॅच बघायची, चहा मात्र मला करावा लागायचा.

आणि ऑगस्ट 2025मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. बंदी चांगलीच झाली. पण क्रिकेटच्या जाहिरातींत त्या कंपन्यांचा पैसा फार मोठा होता. ती पोकळी आता कुणाच्या खिशातून भरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पूर्ण अंधार आहे असंही नाही. 1993च्या हीरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून भांडण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि 1995मध्ये कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. पुढं 2007मध्ये कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले सामने खासगी कंपनीनं दूरदर्शनला द्यायचे. जाहिरातीच्या उत्पन्नात कंपनीचे 75 टक्के, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचे 25. रेडिओसाठी निम्मे-निम्मे. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात, आयपीएल येत नाही. मात्र 2017मध्ये कोर्टानं स्पष्ट केलं की हे सामने दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचे. केबलवाल्याच्या वायरीतून दूरदर्शन लावलं तर मॅचच्या वेळी भलतंच काहीतरी लागतं, ते याचमुळं. केबलवाल्याला शिव्या देऊ नका, त्याचा दोष नाही.

आमच्या शेजारच्या काकूंकडं फ्री डिश आहे. महिन्याचं भाडं नाही. भारताची मॅच असली की त्यांच्या घरातून "गेला, गेला!" असं ऐकू येतं आणि आमच्या ॲपवर गोलंदाज अजून धावतच असतो, कारण नेटवरचं चित्र काही सेकंद मागं असतं. पैसे आम्ही भरायचे आणि विकेट आधी काकूंची. आप्पांनी आता त्यावर उपाय काढलाय. खिडकी लावून घेतात.

दुसराही एक उपाय त्यांनी केलाय. कालनिर्णयच्या शेजारी आखीव कागद चिकटवलाय. डावीकडं खेळ, मधे ॲप, उजवीकडं वर्गणी कधी संपते ती तारीख. अक्षर अजून मोत्यासारखं आहे. मी म्हटलं, "आप्पा, पेनानं लिहा की, पेन्सिल पुसट दिसते." ते म्हणाले, "पुढच्या लिलावात खोडायला लागेल, सूनबाई."